आकड्यांचे कारभारी

साथ आली की सरकार पहिल्याच दिवशी ताबा घेते ते आकड्याचा. औषधे मागाहून येतात, खाटा त्याच्याही मागाहून येतात, प्राणवायूचा टँकर कधी येतो तर कधी वाटेतच अडतो. परंतु ‘आज किती आजारी पडले आणि किती दगावले’ हे सांगण्याचा हक्क मात्र त्याच दिवशी सरकारजमा होतो. या हक्काविषयी मला चार शब्द बोलावयाचे आहेत. दिवाळीच्या फराळाबरोबर मेलेल्यांचा हिशेब कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण हा हिशेब एकदाही नीट झालेला नाही, आणि न झालेला हिशेब सण पाहून थांबत नसतो.

१३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला आणि दुसऱ्याच दिवशी त्याखाली नियमावली काढली. तीत एक कलम असे होते की, कोणाही व्यक्तीने, संस्थेने वा संघटनेने करोनाविषयीची कोणतीही माहिती खातरजमा केल्यावाचून व आरोग्य आयुक्त, आरोग्य संचालक, जिल्हाधिकारी प्रभृतींपैकी कोणाची पूर्वपरवानगी घेतल्यावाचून वर्तमानपत्रांतून वा समाजमाध्यमांतून प्रसृत करू नये. हेतू सांगितला तो अफवा रोखण्याचा. हेतूबद्दल मी शंका घेत नाही. परंतु ‘कोणतीही माहिती’ या दोन शब्दांत अफवाही आली आणि खरी गोष्टही आली. ज्या डॉक्टरच्या हातांत रात्री पाच माणसे गेली, त्याने सकाळी ‘पाच गेली’ असे म्हणावयाचे, तर तेही परवानगीने!

आता दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. आमच्या सांगली जिल्ह्यात साथीचे पहिले पाऊल पडले ते इस्लामपुरात. मार्च २०२० च्या अखेरीस परदेशातून परतलेल्या एका कुटुंबात चौघांना लागण निघाली आणि आठवडाभरात आकडा विसाच्या पुढे गेला. त्या दिवसांत अफवांना काय ऊत आला होता ते आम्ही पाहिले आहे. गावोगाव वेशीवर काटेरी झुडपे टाकून रस्ते अडविले गेले, पुण्यामुंबईहून आलेल्या पोटच्या पोराला शिवारातल्या खोपीत ठेवले गेले, आणि अमुक गल्लीत शंभर निघाले, तमुक गल्लीत दोनशे निघाले, अशा बातम्या वाऱ्यावर उडू लागल्या. अशा वेळी कोणी तरी एकाने मोजावे आणि ते मोजमाप सर्वांनी मानावे, ही गरज खरी होती. ती गरज मी नाकारीत नाही. माझे म्हणणे इतकेच की, मोजण्याचे काम अंगावर घेणे वेगळे आणि मोजलेल्याचे मालक होणे वेगळे. तलाठी सातबारा लिहितो म्हणून काही शेत तलाठ्याचे होत नाही.

हा आकडा चालतो कसा, ते एकदा पाहू. वॉर्डातील परिचारिका तो नोंदवहीत लिहिते. तेथून तो रुग्णालयाच्या संगणकावर बसलेल्या मुलाकडे जातो. तो मुलगा बहुधा कंत्राटी, आणि त्याच्यापुढे माहिती भरण्याची संकेतस्थळे एकाहून अधिक: प्रयोगशाळेच्या निकालांचे वेगळे, रुग्णालयातील रुग्णांचे वेगळे. तेथून आकडा जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे, तेथून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे, तेथून पुण्याला, मुंबईला आणि दिल्लीला. एवढा प्रवास करून संध्याकाळी तो प्रसिद्धिपत्रक होऊन आमच्याकडे परत येतो. ज्या परिचारिकेने तो लिहिला तिला तो सांगण्याचा अधिकार नाही. ज्याला सांगण्याचा अधिकार आहे त्याने त्या रुग्णाचे तोंडही पाहिलेले नाही. लोकांचा विश्वास बसावा तो यांपैकी कोणावर?

आणि या प्रवासात आकडा सांडतो. हे मी माझ्या मनाचे सांगत नाही, सरकारच सांगते. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने एका दिवसात १,३२८ मृत्यू मागाहून हिशेबात धरले. त्यांतले ८६२ मुंबईचे आणि ४६६ उरलेल्या राज्याचे होते. दुसऱ्या लाटेनंतर तर ही गोष्ट नेमाची होऊन बसली. जुलै २०२१ मध्ये एका दिवशी साडेतीन हजारांवर जुने मृत्यू यादीत चढले, आणि त्या एका चढणीमुळे साऱ्या देशाचा त्या दिवसाचा आकडा चार हजारांच्या घरात गेला. या प्रकाराला कार्यालयीन भाषेत ‘जुळवणी’ म्हणतात. शब्द किती निरुपद्रवी पाहा! किराणा दुकानदार वर्षाअखेर वहीतल्या रकमा जुळवितो, तसा. पण दुकानदाराच्या वहीत चार आणे मागाहून सापडले तर कोणाचे बिघडत नाही. येथे जे मागाहून सापडले ते जेव्हा मेले, तेव्हा त्यांच्या गावच्या बाजारपेठेत ‘आता साथ ओसरली’ असे बोलले जात होते. कारण त्या दिवसाचे पत्रक तसे सांगत होते.

सातारा आणि सांगली यांच्या बाबतीत या सांडण्याला आणखी एक कारण आहे. हे दोन जिल्हे म्हणजे एका घराच्या दोन वाटण्या. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले. दक्षिण सातारा म्हणून जो वेगळा निघाला त्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. कागदावर वाटणी झाली, पण कृष्णाकाठच्या माणसाला ती आजारपणात आठवत नाही. शिराळा-वाळव्याचा माणूस कऱ्हाडला जातो. कऱ्हाडच्या बाजूचा माणूस मिरजेला जातो, कारण १८९४ पासून, म्हणजे वॉन्लेससाहेबांनी तेथे रुग्णालय काढल्यापासून, मिरज म्हणजे दवाखान्यांचे गाव हे आमच्या हाडीमाशी मुरलेले आहे. कोल्हापूर, सोलापूर आणि सीमेपलीकडचा बेळगावकडचा रुग्णही मिरजेतच येतो. मग माणूस एका जिल्ह्याचा, खाट दुसऱ्या जिल्ह्यातली, चाचणी तिसरीकडची. सांगलीच्या पत्रकात ‘परजिल्ह्यातील’ असा निराळा रकाना असे. पण त्या रकान्यातून निघालेला मृत्यू आपल्या जिल्ह्याच्या रकान्यात कधी पोहोचावयाचा? जुळवणी होईल तेव्हा. तोपर्यंत तो ना घर का, ना घाट का.

माझे मेहुणे वाळवा तालुक्यातले. एप्रिल २०२१ मध्ये शेजारच्या जिल्ह्यातील एका रुग्णालयात ते गेले. झटपट चाचणी नकारार्थी आली होती. छातीचे छायाचित्र मात्र करोनाच सांगत होते. दाखल्यावर कारण लिहिले गेले ते श्वसन बंद पडल्याचे. श्वसन बंद पडल्यावाचून जगात कोण मेले आहे, हे त्या लिहिणाऱ्यालाच ठाऊक! पुढे पन्नास हजारांच्या साहाय्याची बातमी आली तेव्हा बहिणीने अर्ज केला. आमच्या जिल्ह्यात सांगितले गेले, मृत्यू तिकडचा आहे. तिकडे सांगितले गेले, माणूस तुमच्याकडचा आहे. तिने मला विचारले, “दादा, माणूस माझा गेला हे साऱ्या गावाला ठावं हाय, मग सरकारलाच कसं ठावं न्हाई रं?” तक्रार समितीपुढे कागद ठेवल्यावर पैसे अखेर मिळाले. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर त्या पैशांत नव्हते.

हे एका बहिणीचे गाऱ्हाणे असते तर मी ते छापखान्यात आणले नसते. सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी निर्णय दिला की, करोनाने गेलेल्यांच्या कुटुंबांना साहाय्य दिलेच पाहिजे. त्यानंतर पन्नास हजारांची रक्कम ठरली आणि चाचणीनंतर तीस दिवसांत झालेला मृत्यू, मग तो घरी झालेला असला तरी, करोनाचा धरावा असे ठरले. जानेवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयापुढे महाराष्ट्राचे आकडे आले. सरकारने मोजलेले मृत्यू सुमारे १ लाख ४१ हजार. आलेले अर्ज २ लाख १३ हजारांवर. काही अर्ज दुबार असतील, काही खोटे असतील, काही नियमांच्या नव्या व्याख्येने आत आले असतील. हे सारे वजा करा. तरीही ही तफावत काही कारकुनाच्या हातून निसटलेली नव्हे. जे मृत्यू पत्रकात मावले नव्हते ते नुकसानभरपाईच्या रांगेत येऊन उभे राहिले.

आकडा नुसता अपुरा असता तरी एक वेळ चालले असते. पण त्या आकड्याला सरकारने एक नवे काम दिले, आणि तेथे खरा घोटाळा झाला. ४ जून २०२१ च्या आदेशाने जिल्ह्यांचे पाच स्तर पाडण्यात आले. शंभर चाचण्यांमागे पाचांहून कमी बाधित आणि प्राणवायूच्या खाटा पंचवीस टक्क्यांहून कमी भरलेल्या, तर पहिला स्तर आणि सारे खुले. बाधितांचे प्रमाण विसांच्या वर किंवा खाटा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर भरलेल्या, तर पाचवा स्तर आणि सारे बंद. म्हणजे जिल्ह्यातील प्रत्येक दुकानाची कडी या दोन आकड्यांना बांधली गेली. आणि हे दोन आकडे गोळा करणारे कोण? ज्यांच्यावर दुकाने उघडण्यासाठी चोहोकडून दडपण येत होते, तेच. परीक्षार्थीनेच आपली उत्तरपत्रिका तपासावी आणि आपणच निकाल लावावा, असा हा मामला झाला.

शिवाय प्रमाण खाली आणावयास खोटे लिहावे लागते असेही नाही. अंगात कसलेही लक्षण नसलेल्या हजार माणसांना चौकात उभे करून झटपट चाचणी केली की खालचा आकडा फुगतो आणि प्रमाण आपोआप उतरते. साथ आहे तेथेच राहते. हे सरकारच्याही ध्यानात आले. तीन आठवडे होतात न होतात तोच, २५ जूनला, झटपट चाचण्या न धरता केवळ आरटीपीसीआर चाचण्यांवरून प्रमाण काढावे असा नवा आदेश निघाला. मोजपट्टीवर मोजणाऱ्याचाच विश्वास नसल्याची याहून स्पष्ट कबुली ती कोणती? पुढे ऑगस्टच्या आरंभी पंचवीस जिल्ह्यांचे निर्बंध सैल झाले आणि अकरा जिल्हे मागे राहिले. त्या अकरांत सातारा होता, सांगलीही होती. व्यापारी चिडले, शेतकरी चिडले. मला त्यांचा राग समजतो. ज्या आकड्याने आपला धंदा बंद होतो तो कोणत्या रुग्णालयातून, कोणत्या चाचण्यांतून आला हे पाहण्याची सोय नसेल, तर माणूस त्याला शिक्षा समजतो. आणि शिक्षा समजलेला नियम कोणी मनापासून पाळीत नाही.

रुग्णालयवार आकडे उघड नसल्याने काय होते याचे याहून जळजळीत उदाहरण मिरजेत घडले. तेथील एका खाजगी करोना रुग्णालयात, पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे, दाखल झालेल्या सुमारे दोनशे रुग्णांपैकी ८७ दगावले. २०२१ च्या उन्हाळ्यात गुन्हा नोंदला गेला, डॉक्टरला अटक झाली. दोष कोणाचा हे ठरविण्याचे काम न्यायालयाचे. मी तो ठरवीत नाही. मला विचारावयाचे ते निराळेच आहे. हे रुग्णालय काही रानात नव्हते. तेथला आकडाही इतरांप्रमाणे वर पाठविण्याचा नियम होता. दहाव्या, विसाव्या, चाळिसाव्या मृत्यूच्या दिवशी तो कोणाच्या टेबलावर पडला होता? तो दाराबाहेरच्या फळ्यावर लिहिला गेला असता, तर पुढच्या रुग्णाला रिक्षातून घेऊन आलेल्या मुलाने तो वाचला असता आणि रिक्षा दुसरीकडे वळविली असती. जिल्ह्याच्या एकंदर बेरजेत हे ८७ विरघळून गेले. बेरीज ही लपविण्याची सर्वांत सभ्य पद्धत आहे.

यावर ठरलेले उत्तर असे की, ‘सारे सांगितले तर लोक घाबरतील.’ हे उत्तर फार जुने आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टराने प्लेग ओळखला, तेव्हा त्याचा शब्द लगेच कोणाला पटला नाही. व्यापाराला आणि बंदराला झळ लागेल याची काळजी मोठी होती. मागाहून सरकारने जुलूमजबरदस्तीने घरे धुंडाळली, तेव्हा लोकांनी आपली माणसे माळ्यावर दडविली. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या कन्या सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्याच सालचा कायदा आम्ही २०२० मध्ये पेटीतून काढला. एक बाजू सांगत नाही म्हणून दुसरी लपविते, हा त्या काळाचा धडा. कायदा काढताना तो मात्र पेटीतच राहिला.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाचेही तेच. लढणाऱ्या राष्ट्रांनी आपल्या वर्तमानपत्रांची तोंडे बांधली. स्पेन तटस्थ, तेथल्या पत्रांनी खरे छापले, आणि बक्षीस म्हणून रोगाला स्पेनचे नाव चिकटले. आपल्या मुंबई इलाख्यात त्या साथीने दहा लाखांवर माणसे नेली असा अंदाज आहे. हा अंदाज बांधता आला तो कशावरून? गावकामगारांनी ठेवलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून. रोग कोणता हे त्यांना कळत नव्हते. पण कोण गेले हे कळत होते, आणि तेवढे ते लिहीत होते. शंभर वर्षांनी आमच्याजवळ संगणक आला, आणि कोण गेले हे कळावयास आम्हांला चार वर्षे लागली! २०२१ या सालची देशाची मृत्यूनोंदणी मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. २०२० मध्ये ८१ लाख मृत्यू नोंदले गेले होते. २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात एकवीस लाखांची वाढ, आणि सरकारी हिशेबात दोन्ही वर्षांचे मिळून करोनाचे मृत्यू पाच लाखांच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये सत्तेचाळीस लाखांचा अंदाज मांडला तेव्हा आमच्या सरकारने त्यांच्या गणिताच्या रीतीवर आक्षेप घेतला. घ्यावा, खुशाल घ्यावा; अंदाजाला आक्षेप असतोच. पण अंदाज करण्याची वेळ येते ती मोजदाद हाती नसली म्हणून. कोठीची किल्ली कमरेला लावून बसावयाचे आणि बाहेरच्याने धान्याचा अदमास चुकविला म्हणून त्याला दटावावयाचे, यात कोणता न्याय?

हा दुर्गुण आपल्याच मातीतला आहे असेही कोणी समजू नये. अमेरिकेत जुलै २०२० मध्ये तेथील सरकारने रुग्णालयांना हुकूम केला की, रोगनियंत्रण केंद्राकडे जाणारे आकडे यापुढे थेट आरोग्यखात्याच्या नव्या यंत्रणेकडे पाठवा. मोठा गदारोळ उठला. शास्त्रज्ञांच्या हातचा आकडा राजकारण्यांच्या हातात गेला असे लोक म्हणाले. पण पुढे काय झाले ते पाहा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याच खात्याला रुग्णालयवार साप्ताहिक आकडे लोकांपुढे ठेवावे लागले. कोणत्या गावच्या कोणत्या रुग्णालयात किती खाटा भरल्या आहेत, हे कोणालाही पाहता येऊ लागले. आकडे कोणाकडे जमा व्हावेत हा वाद तेथेही दुय्यम ठरला. ते उघडे झाले, हे महत्त्वाचे. आमच्याकडे तो वाद झालाच नाही, कारण आकडा सरकारचाच असतो हे आम्ही गृहीत धरून चाललो आहोत.

साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयाला क्रांतिसिंह नाना पाटलांचे नाव आहे. १९४३ ते १९४६ या काळात याच दोन जिल्ह्यांच्या गावांतून ज्यांनी प्रतिसरकार चालविले, सरकारी खबरीवर विश्वास न ठेवता गावाचा न्याय गावात केला, त्यांचे हे नाव. त्या नावाच्या छपराखाली काम करणाऱ्या डॉक्टराला आपल्या वॉर्डातील मृत्यू गावाला सांगताना वर पाहावे लागावे, हे नावाला शोभत नाही. तिकडे संगम माहुलीच्या स्मशानात चिता मोजणारा माणूस कोणाच्या परवानगीची वाट पाहत नव्हता. त्याला आकडा दिसत होता. साऱ्या गावाला धूर दिसत होता. मग पत्रक दडवीत होते ते कोणापासून?

नुसती टीका करून मी वाचकांना सोडणार नाही. माझ्या मागण्या साध्या आहेत. पहिली: साथीच्या काळात प्रत्येक रुग्णालयाने, ते सरकारी असो की खाजगी, आपले दाखल, बरे झालेले, दगावलेले आणि रिकाम्या खाटा यांचे आकडे रोज सकाळी आपल्या दारावर लावावेत, आणि जे दारावर तेच सरकारकडे जावे. नावे नकोत, रुग्णाची अब्रू ही त्याचीच. दुसरी: २०२३ च्या दुरुस्तीने जन्ममृत्यू नोंदणीच्या कायद्यात आता असे आले आहे की, मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत रुग्णालयाने जवळच्या नातेवाइकाला दिली पाहिजे. तो कायदा कागदावर न राहता प्रत्येक बिलाबरोबर हातात पडावा. ‘श्वसन बंद पडले’ असे कारण लिहिणाऱ्याला ते परत लिहावयास लावावे. तिसरी: ज्या आकड्यांवर बाजार उघडतो वा बंद होतो, त्यांची तपासणी जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली नसलेल्या माणसांनी करावी, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कोल्हापुरात विद्यापीठ आहे, माणसांचा दुष्काळ नाही. चौथी: मृत्यू ज्या जिल्ह्यात घडेल त्या जिल्ह्याने तो त्याच दिवशी जाहीर करावा, माणूस कोठचा, हा वाद मागाहून घाला. पाचवी: ग्रामपंचायतीत नोंदलेले मृत्यू दर ग्रामसभेत वाचून दाखवावेत. गावाला आपली माणसे पाठ असतात. चूक जागच्या जागी सापडेल. आणि सहावी: डॉक्टराने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले सांगण्यास पूर्वपरवानगी लागणार नाही, असे पुढल्या नियमावलीत स्पष्ट लिहावे.

कारण पुढली नियमावली निघणार आहे. एप्रिल २०२२ मध्ये निर्बंध उठले तेव्हा आम्ही गुढ्या उभारल्या आणि सारे विसरलो. पण ज्या कायद्याखाली ते लादले गेले तो जागच्या जागी आहे, आणि साथी काही परवानगी घेऊन येत नाहीत. अफवेवर उतारा एकच: खरी गोष्ट, वेळेवर, पाहिलेल्याच्या तोंडून. ज्या सरकारला ती सांगू देण्याची भीती वाटते, ते लोकांना घाबरट ठरवून आपली भीती झाकीत असते. सातारा-सांगलीची माणसे घाबरट नाहीत. दुष्काळ, पूर आणि प्लेग यांनी त्यांना आधीच पारखून घेतले आहे. त्यांना आकडा सांगा; काय करावयाचे ते त्यांना कळते.